पाऊणकी, बावटा आणि मोबाइल

रायगडच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायला फार खटाटोप लागत नसे. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणकी, म्हणजे पाऊणपट, करायची. चतुर्थी असेल तर भरती तीनच्या सुमारास, अष्टमी असेल तर सहाच्या. पौर्णिमेला हा हिशेब सव्वाअकरा सांगतो आणि पाणी प्रत्यक्षात बाराच्या आसपास चढते. पण ही चूक कुठे आणि साधारण किती होते, हे वापरणाऱ्याला आधीच ठाऊक असते. जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठच करून घेत, त्यामुळे वेगळे शिक्षण नको. होडीत ओल्या हातांनी, अंधारात, बोटांवर मोजून उत्तर निघते.

सॉफ्टवेअरच्या भाषेत हे वापरायला सोपे, भरवशाचे आणि नेटवर्कशिवाय चालणारे साधन झाले. या किनाऱ्यावर पुढे जी जी साधने आली, त्यांची गाठ आधी या पाऊणकीशी होती.

दुसरे जुने साधन म्हणजे बंदरावरचा वादळी इशाऱ्याचा बावटा. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे वाक्य कोकणात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. दिवसा खांबावर शंकू आणि नळकांडी, रात्री तांबडे-पांढरे दिवे. अक्षरओळख नसलेल्यालाही दुरून कळेल असा हा पडदाच होता. त्यात खोट एकच. जो बंदरात आहे त्यालाच तो दिसतो. ११ नोव्हेंबर २००९ला फयान चक्रीवादळ मुंबई आणि अलिबागच्या दरम्यान किनाऱ्यावर आले, तेव्हा कोकणातल्या कित्येक होड्या समुद्रातच होत्या.

उपग्रहांची मदत तोवर सुरू झालेली होती. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था १९९९ची. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातले हरितद्रव्य उपग्रहातून मोजून मासळी कुठे जमण्याची शक्यता आहे, याचा अंदाज ती देते. अंदाजात काय असायचे? अक्षांश, रेखांश, दिशेचे अंश, किलोमीटरमधले अंतर, मीटरमधली खोली. फॅक्सचा हा कागद बंदरावर पोचायचा. शास्त्र चोख, पण वाचणारा तांडेल खोली वावेत मोजणारा. कागदावरचे आकडे होडीच्या कामाला यायचे तर आधी कुणीतरी ते उलगडून सांगायला हवेत.

ही दरी बुजवायचा एक प्रयत्न रायगड जिल्ह्यातच झाला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या मुंबईतल्या संशोधन प्रयोगशाळेने शेतकऱ्यांसाठी ‘एमकृषी’ ही मोबाइल सेवा उभी केली होती. २०१०नंतरच्या वर्षांत केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचे मुंबई केंद्र आणि इन्कॉइस यांना सोबत घेऊन तिची मासेमारीसाठीची आवृत्ती तयार झाली आणि ती रायगडच्या मच्छीमार सोसायट्यांमधून वापरून पाहिली गेली. मासळीच्या जागेबरोबर वाऱ्याचा वेग आणि लाटांची उंची, सगळे मराठीत आणि चित्रखुणांसह. किनाऱ्यावर रेंज असताना माहिती फोनमध्ये उतरवून घ्यायची, पुढे रेंज गेली तरी ती पाहता यायची. जाणकाराला यातली ही शेवटची सोय सर्वांत मोलाची वाटेल, कारण मोबाइलचे जाळे किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरपर्यंतच साथ देते आणि सुरमईच्या मागे जाणारी होडी त्याच्या कितीतरी पुढे असते.

आयबीएमच्या जॉन गूल्ड आणि क्लेटन लुईस यांनी १९८५मध्येच लिहून ठेवले होते की वापरणाऱ्याकडे पहिल्यापासून लक्ष द्या, त्याच्या हातात देऊन मोजमाप करा आणि पुन्हापुन्हा बदला. ऐकायला सोपे. पण इथे ‘वापरणारा’ म्हणजे नेमका कोण, हेच आधी ठरवावे लागते. उपग्रहाचा अंदाज बांगडा, सुरमई, कुपा अशा पृष्ठभागाजवळून फिरणाऱ्या मासळीसाठी कामाचा. रायगडचे कितीतरी कोळी मात्र डोलीवर बोंबील आणि जवळा धरतात. डोल म्हणजे एका जागी खुंटाला बांधलेले जाळे, भरती-ओहोटीची ओढ मासळी त्यात आणून घालते. त्या नाखव्याला मासळी कुठे आहे हे विचारायचेच नसते. पाणी कधी फिरणार आणि उधाण आहे की भांग (मंद भरती), एवढेच त्याला हवे. म्हणजे पुन्हा तिथी, पुन्हा पाऊणकी! एकाच बंदरावरचे दोन शेजारी, पण त्यांच्यासाठी दोन वेगळे पडदे आखायला हवेत.

नव्या साधनाचा भरवसा तपासण्याचा एक जुना धडाही याच किनाऱ्यावर आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने कुलाबा वेधशाळेच्या चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून १९०४मध्ये अलिबागला नवी वेधशाळा बांधली, तीही चुंबकाला न ओढणाऱ्या साहित्यात. ट्राम धावल्या १९०७मध्ये. संचालक नानाभाई मूस यांनी नवी यंत्रणा आली म्हणून जुनी लगेच बंद केली नाही. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या आणि एकमेकींशी ताडून पाहिल्या. आज बँकेचे सॉफ्टवेअर बदलताना जुने आणि नवे काही काळ शेजारीशेजारी चालवतात, ती रीत हीच. अलिबागच्या लोकांनी याचा थोडा तोरा मिरवायला हरकत नाही.

रेंजच्या पलीकडचा प्रश्न पुढे उपग्रहानेच हाती घेतला. ऑक्टोबर २०१९मध्ये इन्कॉइस आणि विमानतळ प्राधिकरणाने ‘जेमिनी’ हे यंत्र आणले. ‘गगन’ या दिशादर्शन प्रणालीच्या उपग्रहांवरून आलेला इशारा ते पकडते आणि ब्लूटूथने मोबाइलवर पाठवते. पण हा निरोप एकतर्फी होता. होडीवरून ‘इंजिन बंद पडले’ असे उलट कळवायची सोय त्यात नव्हती. ३० ऑगस्ट २०२४ला पालघरच्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते जी योजना सुरू झाली, तिच्यात ही सोय आहे. तेरा किनारी राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या एक लाख होड्यांवर इस्रोच्या तंत्रावर बेतलेले दुहेरी निरोपाचे ट्रान्सपाँडर बसवायचे, खर्च सुमारे ३६० कोटी रुपये. निरोप वाचायचा आणि लिहायचा तो खलाशाच्या मोबाइलवर ब्लूटूथने जोडलेल्या ॲपमधूनच. तोच मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला असतो, त्यावर मिठाचा थर असतो, दुपारच्या उन्हात त्याचा पडदा दिसत नाही, आणि बर्फ-जाळी हाताळून आलेले बोट त्यावर दोन-तीनदा टेकवावे लागते.