बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग

बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग : इमारत, पूल, बोगदा, मेट्रो स्थानक अशा कोणत्याही बांधकामाचे त्रिमितीय मॉडेल संगणकावर उभारायचे, त्यातल्या प्रत्येक घटकाला माहिती जोडायची आणि संकल्पन, बांधकाम व वापर या तिन्ही टप्प्यांत तेच मॉडेल कामाला लावायचे, अशी कार्यपद्धती. व्यवहारात तिला ‘बिम’ म्हणतात. बिम म्हणजे एखादी विशिष्ट संगणकप्रणाली नव्हे. रेव्हिट, आर्किकॅड, टेक्ला ही तिची साधने आहेत. साध्या कॅड ड्रॉइंगमध्ये भिंत म्हणजे दोन समांतर रेघा. ती भिंत आहे हे पाहणाऱ्याने ओळखायचे. बिममध्ये भिंत ही भिंत म्हणूनच नोंदलेली असते : तिची जाडी, वीट की ब्लॉक, गिलावा कोणता, आगीत किती वेळ टिकेल, कोणत्या दोन खोल्यांच्या मध्ये आहे. तिच्यात दार बसवले की भिंतीचे क्षेत्रफळ कमी होते, दारांच्या तक्त्यात एक ओळ वाढते आणि प्लॅन, सेक्शन, एलेव्हेशन या सगळ्यांत ते दार दिसू लागते.

इतिहास : ही कल्पना दिसते तितकी नवी नाही. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातले चार्ल्स ईस्टमन यांनी 1975 मध्ये ‘बिल्डिंग डिस्क्रिप्शन सिस्टीम’ची मांडणी प्रसिद्ध केली. त्यांचा मुद्दा आजही कोणत्याही साइट ऑफिसात पटेल असा आहे. एकच वस्तू अनेक ड्रॉइंगांत, वेगवेगळ्या प्रमाणांत पुन्हा पुन्हा काढली जाते. बदल झाला की त्यातली काही ड्रॉइंगे दुरुस्त होतात, काही राहून जातात आणि मग साइटवर दोन कागद दोन गोष्टी सांगतात. 1980 च्या दशकात हंगेरीतील ग्राफिसॉफ्टने आर्किकॅड बाजारात आणले. रेव्हिट 2000 मध्ये आले आणि 2002 मध्ये ऑटोडेस्कने ते विकत घेतले. बिमचा व्यावसायिक प्रसार प्रामुख्याने त्यानंतरचा.

सरकारांनी यात रस घेतला तो मुख्यतः मालक म्हणून. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानकसंस्थेच्या 2004 च्या अहवालात एक हिशोब आहे. संगणकप्रणाली एकमेकींशी नीट बोलत नाहीत, तीच माहिती पुन्हा भरावी लागते, हव्या त्या वेळी ती सापडत नाही, यापायी अमेरिकेतील मोठ्या इमारतींच्या क्षेत्राला 2002 या एका वर्षात सुमारे 15.8 अब्ज डॉलरचा भुर्दंड पडला. त्यातला सुमारे दोन तृतीयांश भाग वास्तुविशारदांच्या किंवा कंत्राटदारांच्या नव्हे, तर मालकांच्या आणि इमारत चालवणाऱ्यांच्या माथी होता. बिमच्या प्रचारात हा आकडा वारंवार येतो, पण तो कोणाच्या माथी होता हे सोयीस्करपणे गाळले जाते. सिंगापूरने 2013 पासून मोठ्या इमारतींचे आणि 2015 पासून 5,000 चौ. मी.पेक्षा मोठ्या सर्व प्रकल्पांचे परवानगी-अर्ज बिम स्वरूपात मागितले. ब्रिटनने 2011 मध्ये घोषणा करून एप्रिल 2016 पासून केंद्र सरकारच्या प्रकल्पांना बिम सक्तीचे केले.

संकल्पन : मोठ्या इमारतीचे एकच मॉडेल नसते. वास्तुविशारद, स्ट्रक्चरल सल्लागार, एसी, प्लंबिंग, विद्युत आणि अग्निशमन यांची मॉडेले वेगवेगळी बनतात आणि ठरावीक दिवशी एकत्र जोडली जातात. त्यातून जे पहिल्यांदा बाहेर पडते ते म्हणजे ‘क्लॅश’. तुळईच्या पोटातून डक्ट गेलेला असतो. स्प्रिंकलरचा पाइप केबल ट्रेला आडवा येतो. पंप बरोबर जागी बसतो, पण तो उघडायला माणसाला उभे राहायला जागा नसते. यातला शेवटचा प्रकार सगळ्यांत फसवा, कारण तिथे दोन वस्तू प्रत्यक्ष एकमेकींना भिडतच नाहीत. त्यामुळे अनुभवी समन्वयक प्रत्येक यंत्राभोवती दुरुस्तीसाठी लागणारी मोकळी जागा हाही एक ठोकळा म्हणून मॉडेलमध्ये घालतो.

क्लॅशच्या याद्या हजारोंच्या घरात जातात. त्यातले बहुतेक क्लॅश क्षुल्लक असतात; सगळे सोडवत बसणारा प्रकल्प मार्गी लागत नाही. सोडवण्याचा क्रम ठरलेला आहे. उताराने वाहणाऱ्या सांडपाण्याच्या नळांना पहिला मान, कारण त्यांचा उतार मोडता येत नाही. मग मोठे डक्ट, मग दाबाखालचे पाइप आणि शेवटी केबल, कारण केबल कुठूनही वळते. हे शहाणपण संगणकाचे नाही, प्लंबर आणि फोरमनचे आहे. जिथे मॉडेलिंग करणाऱ्या मुलांनी साइट पाहिलेली नसते तिथे स्क्रीनवर निर्दोष आणि छताखाली अशक्य अशी रचना तयार होते.

बांधकाम : मॉडेलच्या घटकांना वेळापत्रक जोडले की त्याला फोर-डी आणि त्यावर खर्च जोडला की फाइव्ह-डी म्हणतात. कोणत्या आठवड्यात कोणता स्लॅब पडेल, क्रेन कुठे उभी राहील, सेंट्रिंग कधी मोकळे होईल हे आधी पाहता येते. महाराष्ट्रातील ठळक उदाहरण नागपूर मेट्रोचे. 2019 मध्ये प्रवासी सेवा सुरू झालेल्या या प्रकल्पात महामेट्रोने सुरुवातीपासून फाइव्ह-डी बिम स्वीकारले. स्थानकांची व मार्गाची मॉडेले, वेळापत्रक आणि खर्चाची नोंद एकत्र बांधण्याचा तो भारतातील मेट्रोंमधला अग्रेसर प्रयत्न मानला जातो.

मोजमापाबाबत मात्र मॉडेलवर आंधळा विश्वास ठेवू नये. मॉडेल भूमितीने मोजते, तर भारतातील बिले आयएस 1200 या मोजमापाच्या भारतीय मानकाच्या नियमांनी निघतात. गिलाव्यात 0.5 चौ. मी.पर्यंतच्या उघड्या भागाची वजावट त्या नियमाने होत नाही. मॉडेल मात्र प्रत्येक झरोका इमानाने वजा करते. नियम आधी मॉडेलमध्ये बसवले नाहीत, तर मेजरमेंट बुक आणि मॉडेल यांचा मेळ बसत नाही आणि बिल पास करणारा अभियंता साहजिकच बुकावर विसंबतो.

माहितीची व्यवस्था : सर्व पक्षांची मॉडेले व कागद एका सामायिक साठ्यात ठेवले जातात. तिथे प्रत्येक फाइलची अवस्था ठरलेली असते : काम चालू, इतरांना पाहण्यास दिलेली, मंजूर होऊन प्रसिद्ध झालेली, दफ्तरी जमा. साइटवर फक्त मंजूर फाइल जावी एवढाच याचा हेतू, पण तो पाळला गेला तर जुन्या ड्रॉइंगवरून कॉलम उभा राहण्याचे प्रकार बरेच घटतात. ही शिस्त ब्रिटिश मानकांतून आली आणि 2018 मध्ये आयएसओ 19650 या आंतरराष्ट्रीय मानकात स्थिरावली. 2020 च्या तिसऱ्या भागात इमारतीच्या वापरकाळाचा विचार आहे. वेगवेगळ्या प्रणालींमधील देवाणघेवाणीसाठी ‘आयएफसी’ हा खुला आराखडा असून 2013 मध्ये तो आयएसओ 16739 म्हणून मान्य झाला. खुला आराखडा दीर्घकाळ चालणाऱ्या इमारतीला हवाच. आजची फाइल उघडणारी प्रणाली 30 वर्षांनी बाजारात असेलच असे नाही, इमारत मात्र असेल.

वापर व देखभाल : बांधकाम तीन-चार वर्षांत संपते, इमारत पन्नास वर्षे चालते. बिमचा खरा लाभ या दीर्घ काळात मिळायला हवा, आणि नेमके तिथेच ते सर्वाधिक फसते.

इमारत सांभाळणाऱ्याला काय लागते ते फार साधे असते. तिसऱ्या मजल्यावरचे ऑपरेशन थिएटर चालू ठेवून चौथ्या मजल्याचे पाणी बंद करायचे तर कोणता व्हॉल्व्ह फिरवायचा? तो कोणत्या छतामागे आहे? एअर हँडलिंग युनिटचा फिल्टर कोणत्या मापाचा, पट्टा कोणता, वॉरंटी कधी संपते? ही माहिती बांधकामाच्या काळात कोणाच्या ना कोणाच्या हाती असतेच. पारंपरिक पद्धतीत ती शेवटच्या महिन्यात जाड फायलींत भरून मालकाला दिली जाते आणि तळघरातल्या कपाटात जाते. ती टप्प्याटप्प्याने, यंत्र बसेल तशी भरत जावी म्हणून अमेरिकन लष्कराच्या अभियांत्रिकी विभागात बिल ईस्ट यांनी 2007 च्या सुमारास ‘कोबी’ ही पद्धत तयार केली. ती दिसायला अगदी रूक्ष आहे : जागा, यंत्रांचे प्रकार, यंत्रे, सुटे भाग, हमी अशा पानांची एक स्प्रेडशीट. चकचकीत त्रिमितीय चित्रांपुढे तिचे कौतुक कोणी करत नाही, पण देखभाल करणाऱ्याच्या उपयोगी पडते ती तीच.

सिडनी ऑपेरा हाउस ही या विषयाची जुनी प्रयोगशाळा. यर्न उट्झन यांचे संकल्पन 1957 च्या स्पर्धेत निवडले गेले, इमारत 1973 मध्ये खुली झाली आणि तिच्या कवचांच्या गणितासाठी अभियंते अरुप यांच्या कार्यालयाने त्या काळातच संगणक वापरला. एका ऑस्ट्रेलियन संशोधन केंद्राने 2007 मध्ये तिच्या देखभालीसाठी बिम कसे वापरता येईल याचा अभ्यास प्रसिद्ध केला. निवड अचूक होती. वक्र, काटकोन टाळणारी, अनेक पातळ्यांवर पसरलेली आणि जवळपास रोज प्रयोग चालू असलेली इमारत सपाट नकाशावर समजावून सांगणे अवघड. अशा ठिकाणी खोलीचा क्रमांक, यंत्राचा क्रमांक आणि दुरुस्तीची नोंद एकाच मॉडेलला टांगता आली, तर नव्या तंत्रज्ञाला जुन्या माणसाच्या आठवणीवर अवलंबून राहावे लागत नाही.

जुन्या वास्तूंसाठी लेझर स्कॅन करून त्यातील बिंदुमेघावरून मॉडेल बनवतात. कला-इतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी केलेले पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलचे स्कॅन एप्रिल 2019 च्या आगीनंतरच्या जीर्णोद्धारात मोलाचे ठरले.

अपयशाची कारणे तांत्रिक कमी आणि कराराची जास्त आहेत. मालक निविदेत ‘बिम द्यावे’ एवढेच लिहितो. कोणत्या यंत्राची कोणती माहिती, कोणत्या स्वरूपात, हे लिहीत नाही. देखभाल करणारी मंडळी संकल्पनाच्या बैठकीला बोलावलेली नसतात, बऱ्याचदा नेमलेलीही नसतात. कंत्राटदार मग खिडकीच्या बिजागरीपर्यंत तपशील असलेले प्रचंड मॉडेल सोपवतो, जे साध्या संगणकावर उघडतही नाही, आणि चिलरचा अनुक्रमांक त्यात नसतो. पुढे फॉल्स सीलिंग बदलते, पार्टिशन हलते, मॉडेल जागच्या जागी राहते. दोन वर्षांत ते जुन्या ड्रॉइंगइतकेच अविश्वसनीय होते. ते अद्ययावत ठेवणारा पगारी माणूस नसेल तर मॉडेल घेऊ नये, असे स्पष्टपणे सांगणारे सल्लागार थोडे.

माहिती नसण्याची किंमत पैशापलीकडे जाते हे लंडनच्या ग्रेनफेल टॉवरने दाखवले. जून 2017 मधील त्या आगीत 72 माणसे गेली. त्यानंतर आलेल्या ज्यूडिथ हॅकिट यांच्या 2018 च्या अहवालाने इमारतीच्या संकल्पनापासून वापरापर्यंत माहितीचा सलग ‘सोनेरी धागा’ डिजिटल स्वरूपात ठेवण्याची शिफारस केली आणि 2022 च्या बिल्डिंग सेफ्टी ॲक्टनुसार इंग्लंडमध्ये उंच निवासी इमारतींना तो बंधनकारक झाला.

भारतातील स्थिती : पुणे, मुंबई, अहमदाबाद येथील कार्यालयांत ब्रिटन, अमेरिका आणि आखाती देशांतील इमारतींची मॉडेले मोठ्या प्रमाणावर तयार होतात. त्याच शहरांतील सर्वसाधारण निवासी इमारत मात्र अजून द्विमितीय ड्रॉइंगांवरच उभी राहते आणि महापालिकेच्या संगणकीय तपासणीलाही कॅडची सपाट फाइलच जाते. विमानतळ, मेट्रो, मोठी रुग्णालये आणि आयटी पार्क येथे बिम रुळले आहे, तेही बहुतांशी भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत. रेरा या 2016 च्या स्थावर संपदा कायद्यातील कलम 17 नुसार विकासकाने आवश्यक कागदपत्रे आणि नकाशे सोसायटीच्या हवाली करायचे असतात. स्थानिक कायदा नसेल तर पूर्णत्व प्रमाणपत्रानंतर 30 दिवसांत. त्यात मॉडेलचा उल्लेख नाही. शंभर-दीडशे सदनिकांच्या सोसायटीला पूर्ण मॉडेलची गरजही नसते. पंप, लिफ्ट, अग्निशमन यंत्रणा, व्हॉल्व्ह आणि टाक्या यांची जागा, क्रमांक, हमी व पुरवठादार यांचा कोबीच्या धर्तीवरचा एक तक्ता आणि खरी अ‍ॅज-बिल्ट ड्रॉइंगे मिळाली तरी तिचे काम भागते.