वशिल्याची कुळकथा

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन अशा अमेरिकी विद्यापीठांत माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशाच्या वेळी झुकते माप मिळते आणि त्याचे समर्थन करताना ‘परंपरा’ हा शब्द हमखास पुढे येतो. संस्था तीन-चारशे वर्षांच्या, तेव्हा रीतही तेवढीच जुनी असणार, असे ऐकणारा धरून चालतो. प्रत्यक्षात तिचे वय जेमतेम शंभर. त्याआधी तिची गरजच नव्हती. परीक्षा उत्तीर्ण झाला की जागा मिळे आणि एखाद्या विषयात गचकलेल्या मुलालाही अटीवर आत घेत. लॅटिनसारखे विषय परीक्षेत असल्यामुळे ती झेपायची मुख्यतः महागड्या खासगी शाळांतल्या मुलांनाच. बापाचे नाव सांगायची वेळ येत नव्हती, कारण चाळणीच अशी होती की नको असलेला मुलगा सहसा तिथवर पोचतच नसे.

पुढे तो पोचू लागला. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांची मुले सरकारी शाळांत शिकून हीच परीक्षा देऊ लागली आणि वरचे गुण मिळवू लागली. हार्वर्डमध्ये १९०० साली ज्यू विद्यार्थी सात टक्क्यांच्या आसपास होते. १९२२ पर्यंत ते प्रमाण एकवीस टक्क्यांच्या पुढे गेले. अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल यांनी १५ टक्क्यांची उघड मर्यादा सुचवली. त्यावर गदारोळ झाला आणि प्राध्यापकांच्या समितीने १९२३ मध्ये ती सूचना फेटाळली. मग मागच्या दाराने तेच साधायचे ठरले. अर्जात वंश, धर्म, आईचे माहेरचे नाव, वडिलांचे जन्मस्थान असे रकाने १९२२ पासूनच आले होते. शिवाय एक प्रश्न असा की, जन्मानंतर तुमच्या किंवा वडिलांच्या नावात काही बदल झाला आहे का? ‘आडनाव काय?’ या प्रश्नातून नेमके काय काढून घ्यायचे असते, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. १९२६ मध्ये पहिल्या वर्षाच्या जागा हजारावर आणल्या गेल्या आणि गुणांच्या जोडीला ‘चारित्र्य’ मोजले जाऊ लागले. ते कोणत्या फूटपट्टीने, हे अर्थातच प्रवेश समितीच्या हाती. पंधरा टक्क्यांचा नियम कागदावर कधीच आला नाही, पण १९३३ मध्ये लॉवेल निवृत्त झाले तोवर प्रमाण साधारण तिथेच येऊन टेकले होते.

वशिल्याचा लेखी नियम जन्मला तो याच काळात. डार्टमथने १९२२ च्या सुमारास नवी निवडपद्धत आणली, तिच्यात माजी विद्यार्थ्यांच्या पात्र मुलांना थेट प्रवेशाची हमी होती. येलने १९२३ मध्ये जागा ८५० वर आणल्या आणि १९२५ मध्ये ठरवले की, या मर्यादेमुळे येलच्या पदवीधराचा एकही पात्र मुलगा बाहेर राहता कामा नये. यावर कुणी म्हणेल, ही तर गर्दीची सोय. पहिल्या महायुद्धानंतर अर्जच वाढले होते, यात ज्यूद्वेष कुठे आला? डार्टमथपुरते हे बरेचसे खरे आहे. पण येल आणि हार्वर्डमध्ये जागा कमी करण्यामागे कोण आत येते आहे याची धास्ती होती आणि त्या टंचाईतून वाचवण्यासाठी निवडली गेली ती आधीच आत असलेल्यांची मुले. कुंपण एका कारणासाठी घातले आणि त्यातले फाटक घरच्यांसाठी ठेवले, इतकाच काय तो फरक.

कारण पुढे बदलले, फाटक राहिले. १९६५ मध्ये येलचे अध्यक्ष किंगमन ब्रूस्टर यांनी इन्सली क्लार्क या तरुण अधिकाऱ्याकडे प्रवेशाचे काम दिले आणि माजी विद्यार्थ्यांच्या मुलांचे प्रवेश घसरले. जुने पदवीधर इतके खवळले की, लेखक विल्यम बकले याच मुद्द्यावर विद्यापीठाच्या नियामक मंडळाच्या निवडणुकीला उभे राहिले. ते हरले, पण निधी उभारायची वेळ आली तशी येलने या मंडळींना पुन्हा चुचकारायला सुरुवात केली. आज ऐकू येणारा मुख्य युक्तिवाद हाच : मुलांना घ्या, म्हणजे बाप देणग्या देतील. अमेरिकेतल्या शंभर नामांकित विद्यापीठांच्या १९९८ ते २००७ च्या आकड्यांचा अभ्यास झाला, त्यात पदवीधरांची सांपत्तिक स्थिती लक्षात घेतल्यावर असा परिणाम दिसला नाही. एमआयटी हा वशिला पाहत नाही आणि तिचे काही अडलेले नाही.

दुसरा बचाव असा की, ही मुले मुळातच हुशार असतात. हार्वर्डच्या प्रवेशधोरणावर झालेल्या खटल्यात बाहेर आलेल्या आकड्यांनुसार त्यांतल्या साधारण तिघांपैकी एकाला प्रवेश मिळत होता, तर एकूण अर्जदारांत शंभरातल्या सहा-सात जणांना. हुशारी हेच कारण असते तर हीच मुले तोडीच्या इतर विद्यापीठांतही अशीच उठून दिसली असती. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये नेमके हेच तपासले, तेव्हा जिथे आईबाप शिकले नव्हते तिथे हे वजन जवळपास नाहीसे झालेले आढळले. तिसरा बचाव जास्त बोचरा आहे. कृष्णवर्णीयांची, भारतीयांची आणि त्यांत न्यू जर्सीतल्या मराठी घरांतलीही मुले आता पदवीधर झाली आहेत. त्यांच्या मुलांची पाळी आली तेव्हाच दार लावायचे का? तक्रार समजण्यासारखी आहे. पण हार्वर्डमध्ये या सवलतीचे बहुसंख्य धनी आजही गोरेच आहेत आणि नव्याने आत आलेल्या काही घरांसाठी ती टिकवली, तर त्याच समाजातली पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढणारी मुले बाहेर राहतात.

जॉन्स हॉपकिन्सने ही प्रथा बंद केली आणि तिथे अशा मुलांचे प्रमाण २००९ मधल्या साडेबारा टक्क्यांवरून दहा वर्षांत साडेतीनवर आले. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा करून खासगी विद्यापीठांनाही ती बंद करायला सांगितले. स्टॅनफर्डने मात्र विद्यार्थ्यांना मिळणारी राज्याची शिष्यवृत्ती सोडून ती रक्कम स्वतःच्या तिजोरीतून भरायचे ठरवले आणि वशिला कायम ठेवला.