विसणाचा इतिहास

अभ्यंगस्नानाच्या पहाटे घरोघर एक शब्द हमखास कानी पडे : विसण. कढत पाणी सोसवेल असे करण्यासाठी त्यात जे थंड पाणी घालायचे, त्याला आपल्या भाषेने स्वतंत्र नाव दिले आहे. आमच्या वर्धा जिल्ह्यात पऱ्हाटीच्या जाळावर गुंडभर पाणी तापे, ते घंगाळात ओतले जाई, आणि आजीने कोपर बुडवून पाहिल्याखेरीज नातवाला न्हाणीत पाऊल टाकता येत नसे. नळाचे सारे कायदे मला या कोपराचेच वंशज वाटतात.

त्या रीतीत एक उणीव मात्र होती. कढत पाणी आधी आणि विसण मागाहून! मधल्या क्षणात रांगते मूल घंगाळाशी पोचले की घात. थंड आधी ओतावे, एवढेच करायचे होते.

हा घात किती वेळात होतो, ते मोरिट्झ व हेन्रीक्स या अमेरिकन संशोधकांनी १९४७ साली मोजून दाखविले. ६० अंश सेल्सिअसला मोठ्या माणसाची कातडी सुमारे पाच सेकंदांत खोलवर भाजते. ४४ अंशांना तिला इजा व्हायला सहा तास लागतात. लेकरांची कातडी तर त्याहून पातळ. त्याच १९४७ मध्ये अल्फ्रेड मोएन याची एका दांडीची तोटी बाजारात आली. दहा वर्षांपूर्वी, विद्यार्थी असताना, दोन चाव्यांच्या नळाखाली त्याचे हात पोळले होते. विसण घालण्याचे काम तेव्हापासून नळाकडे गेले म्हणायचे!

पुढे अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने १९८३ मध्ये नवे बंब ४९ अंशांवरच लावून विकण्याचा कायदा केला. पण साठवलेले पाणी कोमट राहिले तर त्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात. म्हणून टाकीत कढत ठेवून नळाशी विसण घालणे आले. त्या झडपेतले मेण उष्णतेने फुगते आणि गरम पाण्याची वाट आवळते. स्वस्त जातीच्या झडपा फक्त दाब सांभाळतात : कुणी स्वयंपाकघरात थंड नळ सोडला, तरी शॉवरखालच्याला चटका बसू नये इतकेच.

आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेची पहिली आवृत्ती १९७० ची. तिच्या अलीकडच्या आवृत्तीत साठवणीला ६० अंश, आणि गरम स्नानाला ४३ अंशांचे पाणी सोडून ४१ ला वापरावे, असे दिले आहे. आजीच्या कोपराचा हा आकडा! पण संहिता ही शिफारस. स्थानिक नियमांत उतरेल तेव्हाच ती बंधनकारक. शिवाय आपल्याकडे बहुतेक घरी आंघोळ बादलीत, आणि बादलीला झडप नसते.

वर्ध्याची आणखी एक गंमत. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की गच्चीवरच्या टाकीमुळे दुपारी थंड नळालाही ऊनच पाणी येते. मग कसलीही झडप असो, विसण आणणार कुठून? त्या दिवसांत आमच्याकडे पहाटेच एक बादली भरून न्हाणीच्या कोपऱ्यात झाकून ठेवतात.