वीरकथेचा शेवट आणि मावळचा श्रोता

दीर्घकाळ चालत आलेल्या वीरकथेचा नायक अखेरीस धारातीर्थीं पडला म्हणजे ती कथा ऐकणारानें काय करावें? हा प्रश्न आजच्या चित्रपटांनीं नव्यानें पुढें आणला असला, तरी तो मुळींच नवा नाहीं. २००८ सालीं ‘आयर्न मॅन’ या चित्रपटापासून सुरू झालेली अमेरिकन अतिमानवी वीरांची कथामाला २०१९ सालीं ‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’ या बाविसाव्या चित्रपटांत समेवर आली. तो २६ एप्रिल २०१९ रोजीं भारतांत लागला. ज्या मुलांनीं शाळेंत असतां पहिला चित्रपट पाहिला होता, तीं आतां मिळवतीं झालीं होतीं. नायक स्वतःचे प्राण देऊन विश्व वांचवितो हें पाहून देशोदेशींच्या प्रेक्षागृहांत लोक उघड रडले. ज्यांनीं चित्रपट अद्याप पाहिला नाहीं त्यांना शेवट सांगूं नये, अशी विनंति दिग्दर्शकांनीं आधींच जाहीरपणें केली होती.

याहून जुना दाखला शेरलॉक होम्सचा. डिसेंबर १८९३ च्या ‘स्ट्रँड’ मासिकांत कॉनन डॉईलनें आपल्या या गुप्त पोलिसाला स्वित्झर्लंडमधील धबधब्याच्या कड्यावरून नाहींसा केला. तेव्हां वाचक इतके खवळले कीं, पुष्कळांनीं मासिकाची वर्गणी बंद केली. अखेर १९०३ सालीं लेखकाला तो नायक जिवंत करून परत आणावा लागला. येथें वाचकांचा राग व्यर्थ नव्हता. नायक कल्पित होता. ज्यानें त्यास मारिलें त्यालाच त्याला उठवितांहि येत होतें. पण ज्या नायकाचा मृत्यु खरोखरच घडून गेला आहे, त्याच्या श्रोत्यानें कोणावर रागवावें आणि कोणाकडे दाद मागावी? या प्रश्नाचें उत्तर शोधावयास पुणें जिल्ह्यांतील भोर व वेल्हें या मुलखाइतका दुसरा मुलूख क्वचितच सांपडेल. कारण मराठी वीरकथांतील कित्येक नायक येथून निघाले, आणि कित्येकांच्या अंताची वार्ता प्रथम येथेंच येऊन पोहोंचली.

फेब्रुवारी १६७० मधील कोंडाण्याची गोष्ट घ्या. शिवाजी महाराज त्या वेळीं राजगडावर होते. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस बखर लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंत सभासदानें हा प्रसंग थोडक्यांत पण मोठ्या परिणामकारक रीतीनें सांगितला आहे. मावळे रात्रीं गड चढले, गड हातीं आला, आणि पागेच्या छपरांस आग लावण्यांत आली. तो उजेड राजगडावरून दिसला व गड घेतला हें महाराजांनीं ओळखलें. तानाजी मालुसरे पडला हें मात्र दुसऱ्या दिवशीं जासूद आला तेव्हां कळलें. या कथेचे पहिले श्रोते म्हणजे राजगडावरील माणसें. त्यांना कथेचा अर्धा भाग डोळ्यांनीं दिसला आणि उरलेला अर्धा कानांनीं ऐकावा लागला; आणि त्या दोहोंच्या मध्यें एक आनंदाची रात्र गेली.

सभासदानें महाराजांच्या तोंडीं घातलेल्या उद्गारांत सिंहाचें नांवहि नाहीं. एक गड मिळाला आणि एक गड गेला, एवढाच त्यांचा आशय आहे. तो सिंह श्रोत्यांनीं दिला. सिंहगड हें नांव तानाजीच्या मृत्यूपूर्वींच्या पत्रव्यवहारांतहि आढळतें, असें संशोधकांनीं दाखवून दिलें आहे. तरीहि तें नांव तानाजीमुळेंच पडलें, या समजुतीवरील लोकांची श्रद्धा ढळलेली नाहीं. वेल्ह्यांत केळद गांवाजवळ मढे घाट आहे. तानाजीचें शव उमरठ्यास नेतांना याच वाटेनें कोंकणांत उतरविलें, म्हणून घाटास हें नांव मिळालें, असें तेथील लोक सांगतात. या आख्यायिकेचा कागदोपत्रीं पुरावा किती, हा प्रश्न निराळा. आपणांस पाहावयाचें तें हें कीं, नायक परत मिळणार नाहीं हें जाणणाऱ्या समाजानें गडाचें नांव आणि डोंगरांतील पायवाट हीं दोन्ही त्याच्या शोकांत सामील करून घेतलीं.

परंतु नुसत्या शोकावर ही कथा थांबत नाहीं. सभासद पुढें सांगतो कीं, तानाजीचा भाऊ सूर्याजी यास तानाजीचा सुभा दिला आणि मावळ्यांस बक्षिसें दिलीं. हीच गोष्ट शाहिरांनीं आपल्या रीतीनें सांगितली. तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा मराठींतील अत्यंत जुन्या पोवाड्यांपैकीं एक होय. ॲकवर्थ व शाळिग्राम यांनीं १८९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या पोवाड्यांच्या संग्रहामुळें तो शिक्षित वाचकांपर्यंत पोहोंचला. मुलाच्या लग्नाचें आमंत्रण द्यावयास आलेला बाप मोहिमेवर निघतो, येथें त्याचा आरंभ आहे. म्हणून बाप पडल्यानंतर श्रोत्याच्या मनांत पहिला प्रश्न उभा राहतो तो रायबाच्या लग्नाचा. तें लग्न महाराजांनीं स्वतः उभें राहून लावून दिलें, हें ऐकल्यावांचून लोककथेचा श्रोता उठत नाहीं. पावनखिंडीच्या गोष्टींतहि हाच क्रम दिसतो. १६६० च्या जुलैंत बाजीप्रभु देशपांडे पडले. ते भोरजवळच्या शिंद गांवचे. त्या लढाईंत हिरडस मावळच्या बांदलांनीं जें रक्त सांडलें, त्याबद्दल दरबारांतील पहिला मान त्यांना मिळाला आणि कारीच्या जेध्यांनीं तो आपखुषीनें सोडला, अशी परंपरा आहे. नायक कसा मेला, याबरोबरच त्याच्यामागें त्याच्या घराचें व त्याच्या कामाचें काय झालें, हें मावळच्या श्रोत्याला कळावें लागतें.

म्हणूनच शेवट गुप्त ठेवण्याची कल्पना या श्रोत्याला विचित्र वाटेल. हरि नारायण आपटे यांनीं आपल्या कादंबरीस ‘गड आला, पण सिंह गेला’ हें नांव दिलें, तेव्हां शेवट मुखपृष्ठावरच छापला गेला. तरी तीन पिढ्यांनीं ती शेवटपर्यंत वाचली. १९२३ सालीं बाबुराव पेंटर यांनीं ‘सिंहगड’ हा मूकपट काढला, १९३३ सालीं प्रभात कंपनीचा त्याच नांवाचा बोलपट आला, २०२० सालीं ‘तान्हाजी’ हा हिंदी चित्रपट निघाला, आणि २०२३ सालीं दिग्पाल लांजेकर यांच्या शिवचरित्रावरील चित्रपटमालेंत ‘सुभेदार’ आला. दर पिढीला तानाजी पुन्हा मरतो आणि दर पिढी तिकीट काढून पुन्हा रडावयास जाते. ठाऊक असलेल्या शेवटाची वाट पाहण्यांतहि एक उत्कंठा असते. ती नवलाची नसून कर्तव्याची असते.

तथापि १४ फेब्रुवारी २०२५ रोजीं लागलेल्या ‘छावा’ या हिंदी चित्रपटाच्या वेळीं जें घडलें, त्याचा विचार थोडा निराळा करावा लागतो. शिवाजी सावंत यांच्या १९७९ च्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटाचा शेवट संभाजी महाराजांच्या कैदेनें, छळानें व मृत्यूनें होतो. चित्रपट लागण्यापूर्वींच, महाराज लेझीम खेळतांना दाखविल्याबद्दल आक्षेप निघाला व तो भाग दिग्दर्शकांनीं वगळला. चित्रपट लागल्यावर खेळ संपला तरी लोक खुर्च्यांवरून उठेनात. कोणी रडत होते, कोणी उभे राहून शिवगर्जना देत होते. गुजराथेंत भरुच येथें तर छळाचें दृश्य चालूं असतां एका प्रेक्षकानें पडदाच फाडला. त्याच्या कृत्याचें समर्थन कोणी करणार नाहीं. पण तो ज्याच्यावर धांवून गेला तो शत्रु तीन शतकांपूर्वींच मेला होता, आणि हातास लागण्यासारखें समोर कापडाखेरीज कांहींच नव्हतें, ही त्या रागाची शोकांतिका आहे.

भोर तालुक्याचें या नायकाशीं नातें फार जवळचें. बाळपणींच आई सईबाई राजगडाच्या परिसरांत वारल्या, आणि संभाजीराजांस दूध पाजलें तें कापूरहोळच्या धाराऊनें. अशा मुलखांतील माणसाला तो शेवट पडद्यावर पाहवला नाहीं, तर त्यांत आश्चर्य नाहीं. परंतु ११ मार्च १६८९ नंतर काय झालें, हें चित्रपट ओझरतें सांगतो. आणि तें बव्हंशीं याच डोंगरांत घडलें आहे. त्याच सालीं राजगड मोगलांकडे गेला. राजाराम महाराज जिंजीस असतां शंकराजी नारायण यांनीं मावळांतील माणसें पुन्हा जमविलीं, गड सोडविले, आणि सचिवपद मिळविलें. भोरच्या पंतसचिव घराण्याचे ते मूळपुरुष होत. थकलेला औरंगजेब पंचाऐंशी वर्षांचा असतां १७०४ सालीं राजगड व तोरणा घेण्यासाठीं स्वतः या दऱ्याखोऱ्यांत आला. दोन्ही गड त्यानें घेतले. तीन वर्षांनीं तो मेला, आणि त्याच वर्षीं राजगड पुन्हा मराठ्यांकडे आला.

यावर कोणी म्हणेल कीं, चित्रपट म्हणजे इतिहासाचें पाठ्यपुस्तक नव्हे. शोकांतिकेला शोकांतिका राहूं द्यावें, तिच्या शेपटाला विजयाचें तोरण बांधूं नये. हा आक्षेप अगदींच टाकाऊ नाहीं. पुढील इतिहासहि नुसत्या समाधानाचा नाहीं. ज्या शंकराजींनीं मुलूख परत मिळविला, त्यांच्यापुढें १७०७ सालीं एक भयंकर पेंच उभा राहिला. संभाजी महाराजांचे पुत्र शाहू मोगलांच्या कैदेंतून सुटून आले, आणि शंकराजी तर ताराबाईंच्या पक्षाशीं शपथेनें बांधलेले. या दोन निष्ठांच्या कात्रींत सांपडून त्यांनीं स्वतःचा देह ठेवला असें परंपरा सांगते. भोर तालुक्यांत अंबवडें येथें त्यांची समाधि आहे. म्हणजे ज्या नायकासाठीं प्रेक्षागृहांत लोक रडले, त्याचा पुत्र घरीं परतला तेव्हां त्याच्या राज्याचा रक्षकच मरण पत्करता झाला. असा पुढचा भाग प्रेक्षकाला सुखी करणार नाहीं; पण कापड फाडण्याहून गंभीर विचाराकडे तो त्याला खचित नेईल.

कल्पित नायकाचा चाहता लेखकापाशीं हट्ट धरूं शकतो. इतिहासांतील नायकाच्या चाहत्याला ती सोय नाहीं. त्याला मागणें मागावयाचें तें पुढच्या प्रकरणाचें. २०२४ सालीं वेल्हें तालुक्यास राजगड हें नांव देण्याचा निर्णय राज्याच्या मंत्रिमंडळानें घेतला, तो लोकांच्या दीर्घ मागणीनंतर. नांव देणें हाहि श्रोत्यांचा एक जुनाच प्रतिसाद होय. सिंहगड व मढे घाट यांच्या बाबतींत तो आपण पाहिलाच. परंतु ज्यांना ‘छावा’चा शेवट पाहून घरीं जाववलें नाहीं, त्यांनीं एकदां अंबवड्याच्या समाधीपर्यंत जाऊन यावें. तेथें गर्दी नसते, आणि गोष्ट पुढें सुरू असते.