केसाहून बारीक कठडा: डांबर, आम्ल आणि नाकारलेला गोंद

१/ 'यामातो' या जपानी युद्धनौकेची लांबी २६३ मीटर. शिझुओकातील चार कंपन्यांनी १९७१ मध्ये १:७०० या प्रमाणातील नौकांची मालिका सुरू केली. त्या प्रमाणात 'यामातो' साडेसदतीस सेंटिमीटरची होते. डेकवरचा एक मीटर उंचीचा कठडा दीड मिलिमीटरहूनही ठेंगणा, तर त्याची दोन सेंटिमीटर जाडीची दांडी माणसाच्या केसाहून बारीक.

२/ प्रतिकृतीचे सुटे भाग पोलादी साच्यात वितळलेले पॉलिस्टायरिन दाबाने भरून काढतात. इतक्या अरुंद खाचेत प्लास्टिक पुढे सरकण्याआधीच थिजते. म्हणून असा कठडा साच्यातून एकतर भिंतीसारखा जाड निघतो, नाहीतर गाळावाच लागतो. या अडचणीवरचा उपाय मिळाला तो छायाचित्रणाच्या इतिहासात.

३/ फ्रान्समधील निसेफोर न्येप्स यांच्या ध्यानी आले होते, की विशिष्ट डांबराचा पातळ थर उजेडात कडक होतो. उजेड न लागलेला भाग लॅव्हेंडरच्या तेलाने धुऊन निघतो आणि उघड्या पडलेल्या धातूवर आम्ल आपले काम करते. १८२६ मध्ये त्यांनी कार्डिनल द आंब्वाज यांच्या चित्राची अशी कोरीव पट्टी तयार केली.

४/ इंग्लंडमध्ये हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी डांबराच्या जागी डायक्रोमेट मिसळलेले जिलेटिन आणले. १८५८ च्या पेटंटात धातू कोरण्यासाठी त्यांनी फेरिक क्लोराईड वापरले. पितळेच्या पातळ पत्र्यातून नौकेचे कठडे, शिड्या आणि रडारच्या जाळ्या कोरताना आजही तेच रसायन कामी येते.

५/ कठडा तयार झाला, तरी तो चिकटवायचा कसा? पॉलिस्टायरिनचा नेहमीचा गोंद प्लास्टिक विरघळवून सांधतो; पितळेवर त्याची मात्रा चालत नाही.

६/ १९४२ मध्ये ईस्टमन कोडॅकचे हॅरी कूव्हर बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. सायनोअॅक्रिलेट दिसेल त्याला चिकटते, म्हणून त्यांनी ते बाजूला सारले. १९५१ मध्ये त्यांचे सहकारी फ्रेड जॉयनर यांनी याच द्रव्याची चाचणी घेताना एका महागड्या उपकरणाचे दोन लोलक एकमेकांना घट्ट चिकटले, आणि दोषातला गुण उमगला. १९५८ पासून हा गोंद बाजारात आला. आपल्याकडे तो फेविक्विक या नावाने घरोघरी आहे.

७/ हवेतील आणि पृष्ठभागावरील किंचित ओलाव्यानेच तो घट्ट होतो. म्हणून कारागीर पत्र्याच्या चौकटीतून कठडा कापतो, चिमट्याने डेकवर धरतो आणि सुईच्या टोकाने अगदी सूक्ष्म थेंब टेकवतो. थेंब मोठा झाला, तर जाळीची भोके बुजतात आणि भोवती पांढरट झाक धरते.

८/ एवढे करूनही हा कठडा प्रमाणात बसत नाही. पत्रा साधारण ०.१ मिलिमीटरचा, खऱ्या नौकेवर ती जाडी सात सेंटिमीटर भरेल. तरीही दांड्यांमधून पलीकडचे दिसते, आणि डोळ्याला नौका खरी वाटायला तेवढे पुरते.