नांदगावच्या माळावरून आकाशगंगा

आकाशगंगेच्या छायाचित्रणाचा हंगाम जून ते ऑगस्ट, असे पाश्चात्त्य पुस्तके सांगतात. महाराष्ट्रात मात्र ते महिने ढगांचे. पाऊस उघडेपर्यंत आकाशगंगेचा तेजस्वी मध्यभाग संध्याकाळीच नैर्ऋत्येला कललेला असतो. त्यामुळे येथील छायाचित्रकाराच्या हाती मार्च ते मे एवढाच काळ उरतो. त्यातही फाल्गुन, चैत्र आणि वैशाख अमावास्येच्या आगेमागे चार-पाच रात्री. वर्षभरात जेमतेम पंचवीस-तीस संधी.

नाशिक जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा नांदगाव तालुका या कामासाठी सोयीचा आहे. वृश्चिक व धनू राशींच्या सीमेवर, मूळ नक्षत्राजवळ असलेला हा मध्यभाग लंडनहून क्षितिजावर जेमतेम १० अंश चढतो. नांदगावहून तो ४० अंशांपर्यंत येतो. एप्रिलच्या मध्यास तो रात्री साडेअकराच्या सुमारास आग्नेयेला उगवतो, मेच्या मध्यास साडेनऊला. क्षितिजालगतच्या धुळीतून वर येण्यास त्याला आणखी दीड-दोन तास द्यावेत. मेमध्ये तोवर दक्षिणेला अगदी खाली उभा असलेला त्रिशंकू टिपता येतो.

मनमाड जंक्शनचा उजेड येथून सुमारे २५ किलोमीटरवर पश्चिमेला पडतो, म्हणजे नेमका नको त्या दिशेला नसतो. दक्षिणेची सातमाळ्याची रांग किंवा गिरणा धरणाचा जलाशय चित्राच्या तळाशी घेता येतो. जलाशयासाठी उत्तरेचा काठ निवडावा आणि धरणाच्या भिंतीपासून दूरच राहावे.

तिपाई अपरिहार्य. पृथ्वी फिरत असल्याने फार वेळ शटर उघडे ठेवल्यास तारे रेघांसारखे उमटतात. ५०० या संख्येला लेन्सच्या नाभीय अंतराने भागले की साधारण मर्यादा मिळते : २० मिलिमीटर लेन्सला २५ सेकंद, लहान संवेदक असलेल्या कॅमेऱ्याला सुमारे १६. आजच्या सूक्ष्म संवेदकांना हा हिशेबही सैल पडतो. १० ते १२ सेकंदांचे चित्र अधिक रेखीव येते. छिद्र २.८, ‘आयएसओ’ ३२०० येथून सुरुवात करावी. स्वयंचलित फोकस अंधारात निरुपयोगी. पडद्यावर एखादा ठळक तारा मोठा करून हाताने फोकस साधावा.

खरी तयारी दिवसाउजेडी करायची असते. माळावर कठडा नसलेल्या विहिरी असतात आणि उन्हाळ्यात विंचू-सापांचा वावरही. राखीव वनात रात्री विनापरवाना जाऊ नये. शेतपंपांना अनेकदा रात्रीची वीज मिळत असल्याने शेतकरी जागे असतात. मध्यरात्री बॅटरी फिरवणाऱ्या अनोळखी माणसाविषयी संशय येणे स्वाभाविकच. पोलीस पाटलांना आधी कळवलेले बरे. छायाचित्रकाराला हवे असलेले निरभ्र आकाश या अवर्षणप्रवण तालुक्यात कोणालाच सुखाचे वाटत नाही, याचेही भान असावे.

अंधार मात्र वेगाने आटतो आहे. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली; त्यासाठी सिल्लारीसह लगतच्या गावांतील पथदिव्यांचा झोत जमिनीकडे वळवण्यात आला. नांदगावच्या माळांना असे संरक्षण नाही. येथे एका ढाब्याचा नवा एलईडी दिवाही गेल्या वर्षीची जागा निकामी करू शकतो.