संगणक आणावा की घडवावा?

शाळेसाठी संगणक हवा असे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम येतात ते अनुदान, देणगीदार आणि कुलूपबंद खोली. संगणक ही मिळवण्याची वस्तू आहे, हे आपण गृहीतच धरतो. विद्यार्थ्यांनी तो स्वतः जोडावा हा विचार सहसा मनात येत नाही. पण महाराष्ट्रातील संगणकाचा इतिहास सुरू होतो तोच मुळी संगणक घडवण्यापासून. हा इतिहास तपासून पाहिला, तर अहिल्यानगर जिल्ह्यातील एखाद्या माध्यमिक शाळेने आज असा प्रकल्प का हाती घ्यावा, हे ध्यानात येते.

मुंबईचा पहिला धडा

गणितज्ञ रंगस्वामी नरसिंहन १९५४ मध्ये अमेरिकेतून परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एका छोट्या गटाने संगणक बांधायला घेतला. आधी एक नमुना यंत्र करून पाहिले. ते १९५६ मध्ये चालू झाले. त्यातून शिकून मोठे यंत्र बांधले आणि १९६० मध्ये ते कामाला लागले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफरॅक’ हे नाव दिले. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या, १७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. स्मृतीसाठी तारांत ओवलेली फेराइटची बारीक कडी वापरली होती. कड्याचे चुंबकन एका दिशेने असेल तर शून्य, उलट दिशेने असेल तर एक. अशा ४० बिटांचे २०४८ शब्द त्यात साठवता येत. गुणाकार केला तर ही स्मृती सुमारे ८२ हजार बिट, म्हणजे जेमतेम १० किलोबाइट भरते. आजच्या मोबाइलवर काढलेले एक छायाचित्रही त्यात मावणार नाही.

टिफरॅक कामाला लागेपर्यंत जगात ट्रान्झिस्टरचे संगणक येऊ लागले होते. १९६४ मध्ये त्याच संस्थेत परदेशी बनावटीचा, कितीतरी वेगवान संगणक आला. मग एवढा खटाटोप वाया गेला का? आम्हाला तसे वाटत नाही. या यंत्राने संगणक आतून जाणणारी माणसे तयार केली. १९६५ मध्ये कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष नरसिंहनच होते. यंत्र कालबाह्य झाले, पण ते बांधताना मिळालेले ज्ञान कालबाह्य झाले नाही.

शाळेत आलेला संगणक

सूक्ष्मप्रक्रियक आल्यावर संगणक टेबलावर मावू लागला. इंग्लंडमधील एकॉर्न या कंपनीने बीबीसीच्या संगणक साक्षरता योजनेसाठी केलेला ‘बीबीसी मायक्रो’ १९८१ च्या अखेरीस बाजारात आला. त्याच्या ‘बी’ नमुन्यात ३२ किलोबाइट स्मृती होती. पडदा म्हणून घरचा दूरचित्रवाणी संच आणि साठवणुकीसाठी साधा कॅसेट रेकॉर्डर चालत असे. बाहेरची उपकरणे जोडण्यासाठी मागे आणि खाली खाचा होत्या. थोडक्यात, हाताळून पाहण्यासाठीच केलेले ते यंत्र होते.

भारत सरकारने १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ ही योजना सुरू केली तेव्हा हेच यंत्र निवडले. पहिल्या टप्प्यात देशातील सुमारे अडीचशे शाळांना ते मिळाले. पण एका शाळेत यंत्रे मोजकी आणि सोबतचे कार्यक्रम बहुतेक इंग्रजीत. पुढे योजनेचे रूप बदलले, वैयक्तिक संगणक आले आणि २००४ मध्ये नवी केंद्रीय योजना सुरू झाली. शाळेतला संगणक मात्र बराच काळ पाहुण्यासारखाच राहिला. चपला दाराबाहेर काढायच्या, खिडक्यांचे पडदे ओढायचे आणि शिक्षक सांगतील तेवढीच कळ दाबायची, हा शिरस्ता आमच्या पिढीतील अनेकांना आठवत असेल. यंत्र महाग होते, बिघडले तर दुरुस्त कोण करणार ही शिक्षकांची धास्ती खरी होती. परंतु उघडून पाहण्याची मनाई असलेल्या यंत्राविषयी कुतूहल फार काळ टिकत नाही.

याच काळात शाळेबाहेर वेगळे घडत होते. आयबीएमने १९८१ मध्ये आणलेल्या वैयक्तिक संगणकाची रचना इतरांना अनुसरता येण्याजोगी होती. त्यामुळे सुटे भाग बाजारात मिळू लागले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून भाग आणून ‘असेंबल्ड’ संगणक जोडून देणारे तरुण गावोगाव तयार झाले. कित्येकांचे शिक्षण बेताचेच होते, पण त्यांचा हात यंत्रावर बसला.

घोड नदीच्या अलीकडे

हाताने काम करत शिकणे ही शिक्षणाची पद्धत होऊ शकते, हे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी दाखवले. अमेरिकेत डॉक्टरेट मिळवून हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागात काम केलेल्या कलबागांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. घोड नदी ओलांडली की नगर जिल्हा लागतो. पाऊसमान आणि शेतीचे प्रश्न दोन्हीकडे सारखेच. आश्रमाने शाळांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय तयार केला. त्यात विद्यार्थी वेल्डिंग, वीजजोडणी, शेती, आरोग्यचाचण्या अशी कामे करतात आणि गावाला लागणाऱ्या सेवाही देतात. २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या प्रा. नील गर्शनफेल्ड यांच्या कल्पनेतील ‘फॅब लॅब’ पाबळला सुरू झाली. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते.

तळहातावरचा संगणक

बीबीसी मायक्रोची गोष्ट तिथेच संपली नव्हती. एकॉर्नच्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी आखलेला ‘आर्म’ हा प्रक्रियक १९८५ मध्ये तयार झाला. कमी विजेवर चालत असल्याने पुढे तो मोबाइलमध्ये पोहोचला. केंब्रिजमधील एबन अप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की संगणकशास्त्राकडे येणारी मुले कमी झाली आहेत आणि जी येतात त्यांनी यंत्राशी खेळ केलेला नाही. त्यावर उपाय म्हणून त्यांनी २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ‘रास्पबेरी पाय’ हा पत्त्याएवढ्या पाटीवरचा संगणक आणला. प्रक्रियक आर्मचा, किंमत ३५ डॉलर. नमुन्यांची ‘ए’ आणि ‘बी’ ही नावेही बीबीसी मायक्रोवरूनच घेतलेली. पडदा, कळफलक, वीजपुरवठा ज्याचे त्याने जोडायचे.

शाळेतील प्रकल्प

अशी पाटी, स्मृतिकार्ड, ५ व्होल्टचा वीजपुरवठा, वापरलेला कळफलक व माउस आणि एखादा जुना दूरचित्रवाणी संच एवढ्यावर टेबलावरचा संगणक उभा राहतो. पेटी प्लायवुडची किंवा पत्र्याची, मुलांनीच करावी. पाटी घेणे शक्य नसेल तर टाकून दिलेल्या दोन-तीन संगणकांतून एक चालू करावा. मात्र जुन्या काचनळीचा मॉनिटर आणि वीजपुरवठ्याची धातूची डबी कधीही उघडू नये. वीज बंद केल्यावरही त्यांतील धारित्रांत प्रभार शिल्लक राहतो.

या कामात पाठ्यपुस्तक आपोआप येते. पाटीच्या पिनेवर ३.३ व्होल्ट मिळतात, लाल एलईडी सुमारे २ व्होल्ट घेतो, मध्ये ३३० ओहमचा रोधक आहे, तर धारा किती? १.३ भागिले ३३०, म्हणजे सुमारे ४ मिलिअँपिअर. दुसरे उदाहरण भारनियमनाचे. पाटी १० वॅट आणि छोटा पडदा २० वॅट धरला, तर १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीवर यंत्र किती चालेल? बॅटरीत ८४ वॅट-तास ऊर्जा असते. तिचा निम्माच भाग वापरायचा म्हटला तर सुमारे १.४ तास, म्हणजे साधारण दोन तासिका. हे गणित मुलांनी घड्याळ लावून पडताळावे. उत्तर जुळले नाही तर ऊर्जा कुठे गेली, याचा शोध हा तिसरा धडा.

भाषेची अडचणही आता पूर्वीएवढी राहिलेली नाही. १९९० च्या दशकात प्रत्येक मराठी फाँटची सांकेतिक पद्धत निराळी असल्याने एकाचा मजकूर दुसऱ्यात उघडत नसे. युनिकोडमुळे तो प्रश्न बराच सुटला. मोफत मिळणाऱ्या लिनक्स प्रणालीत देवनागरी इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो. गावातील पर्जन्यमापकाच्या नोंदी मुलांना मराठीतच ठेवता येतील.

२०१६ पासून निवडक शाळांना अटल टिंकरिंग प्रयोगशाळेसाठी अनुदान मिळू लागले. तिथेही संच खोक्यातच राहिले तर जुनीच गोष्ट पुन्हा घडेल. म्हणून आमची सूचना अशी, की आठवी-नववीच्या एका गटाने संगणक जोडावा आणि प्रत्येक चूक वहीत तारखेसह लिहून ठेवावी. पुढच्या वर्षीच्या गटाने ती वही हातात घेऊन तोच संगणक सुटा करावा आणि पुन्हा जोडावा. एखादा भाग निकामी होईलही. त्याची किंमत प्रकल्पाच्या खर्चात आधीच धरून ठेवावी.